काविळीचा माग काढणारा डॉक्टर

सुट्टीत घरी कुठे जाणार असे कोणी विचारले आणि मी आवडीला असे सांगितले, की आमच्या हाउसमधली मराठी मुले हसतात. कोणाच्या आवडीला, हा त्यांचा ठरलेला विनोद. आवडी हे चेन्नईच्या पश्चिमेला, लोकलच्या मार्गावरचे गाव आहे. तिथे रणगाडे बनवण्याचा मोठा कारखाना आहे आणि वायुदलाचे ठाणे आहे. बाबांची बदली तिथे झाल्यापासून माझ्या सगळ्या सुट्ट्या आवडीतच जातात.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त सैनिक राहतात. लष्करात ते ड्रायव्हर होते. त्यांना सगळी मुले ताता म्हणतात. तमिळमध्ये आजोबांना ताता म्हणतात, पण पहिल्या दिवशी मला ते आपल्या तात्यांसारखे ऐकू आले आणि मी तात्याच म्हणू लागलो. त्यांनाही ते आवडले. माझ्या सायकलची चेन त्यांनी किती वेळा बसवून दिली याची गणती नाही. संध्याकाळी खेळून आलो की त्यांच्या व्हरांड्यात ताक मिळे. तिकडे ताकाला मोर म्हणतात. हिंग आणि कढीपत्ता घातलेले ते ताक स्टीलच्या पेल्यात पिण्यासाठी मी कधी कधी घरचा चहा सोडत असे.

गेल्या मे महिन्यात कॉलनीत रक्तदान शिबिर झाले. तात्यांनी नेहमीप्रमाणे रक्त दिले. काही दिवसांनी त्यांना पुन्हा तपासणीला बोलावले गेले. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला होता. त्यांना काहीही होत नव्हते. ते रोज पहाटे चालायला जात होते. पण बातमी इमारतभर पसरली आणि मी घाबरलो.

पुढे जे केले ते लिहायला मला लाज वाटते, पण ते लिहिले नाही तर या लेखाला अर्थ राहणार नाही. उरलेल्या सुट्टीत मी त्या व्हरांड्याकडे फिरकलो नाही. त्यांनी हाक मारली की अभ्यास आहे असे सांगत असे. एकदा त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात मुरुक्कूची पुडी दिली. मी ती तिच्या हातून घेऊन जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. ते त्यांनी पाहिले असावे, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला हाक मारली नाही.

शाळेत परत आल्यावर जुलैमध्ये जीवशास्त्राच्या सरांनी विचारले, की २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन आहे, सकाळच्या असेंब्लीत पाच मिनिटे कोण बोलेल. माझा हात वर गेला. सरांनी सांगितले, की हीच तारीख का निवडली ते आधी शोध. तो एका माणसाचा वाढदिवस निघाला. त्या माणसाचे नाव डॉ. बारूक सॅम्युअल ब्लूमबर्ग. पाच मिनिटांत त्यांच्याबद्दल सगळे सांगता आले नाही, म्हणून हा लेख.

ब्लूमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात झाला. वडील वकील होते. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ साली ते अमेरिकेच्या नौदलात दाखल झाले. नौदलाच्याच व्यवस्थेतून त्यांनी युनियन कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला. मग सैनिक आणि वाहने थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजांवर ते डेक ऑफिसर झाले. १९४६ मध्ये नौदल सोडले तेव्हा ते एका जहाजाचे कमांडिंग ऑफिसर होते. तेव्हा त्यांचे वय होते फक्त एकवीस. आपल्या शाळेतून जाऊन अकादमीतून बाहेर पडणारा कॅडेटही साधारण त्याच वयाचा असतो. समुद्रावर शिकलेली एक गोष्ट पुढे संशोधनात कामाला आली असे ते मानत. काम हाती घेण्याआधी बारकाईने आखणी करायची, आणि पहिली योजना फसली तर दुसरी तयार ठेवायची.

त्याच युद्धातली एक घटना आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. १९४२ साली अमेरिकी लष्कराने आपल्या सैनिकांना पीतज्वराची लस टोचली. ती लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्ताचा पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, मिसळलेला होता. ते ज्यांचे होते त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात काविळीचा विषाणू होता आणि तो कोणालाच दिसत नव्हता. सुमारे ५० हजार सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. शत्रूची एक गोळीही न लागता एवढे सैन्य अंथरुणाला खिळले. ती कावीळ हिपॅटायटिस बीची होती हे पुढे कित्येक वर्षांनी सिद्ध झाले.

इथे काविळीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण माझा गोंधळ इथेच झाला होता. आपण मराठीत सगळ्याला कावीळ म्हणतो. डोळे पिवळे, लघवी पिवळी, जेवण नकोसे, की झाली कावीळ. पण ते लक्षण आहे. यकृताला सूज आणणारे विषाणू वेगवेगळे आहेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. १९५५ च्या पुरानंतर दिल्लीत यमुनेने पात्र बदलले आणि नाल्याचे सांडपाणी शहराचे पाणी उपसतात त्या ठिकाणी पोचले. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. ती पाण्याची कावीळ होती, आणि आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. बी आणि सी हे विषाणू मात्र रक्तातून जातात. न तपासलेले रक्त, वापरलेली सुई, दुसऱ्याचे दाढीचे पाते, असुरक्षित शरीरसंबंध, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, असे त्यांचे मार्ग आहेत. एका पंक्तीत जेवल्याने, हात हातात घेतल्याने किंवा कोणी दिलेला मुरुक्कू खाल्ल्याने हिपॅटायटिस बी होत नाही. हे वाक्य मी सरांच्या पुस्तकात वाचले तेव्हा प्रेपची वेळ चालू होती. बराच वेळ मी पान उलटले नाही.

ब्लूमबर्ग यांच्या काळात यातले फारसे काही माहीत नव्हते. दोन प्रकारच्या काविळी असाव्यात, एक पाण्याची आणि एक रक्ताची, एवढा अंदाज १९४० च्या दशकात डॉक्टरांनी केला होता. विषाणू मात्र कोणाच्या हाती लागत नव्हता.

नौदलानंतर ब्लूमबर्ग यांनी गणिताचा अभ्यास सुरू केला होता. वडिलांनी सुचवले म्हणून ते वैद्यकाकडे वळले आणि कोलंबिया विद्यापीठातून १९५१ मध्ये डॉक्टर झाले. शिकत असतानाच ते काही महिने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला, मोएन्गो नावाच्या खाणीच्या गावी गेले. त्या भागात उसाच्या मळ्यांवर कामाला आणलेल्या मजुरांचे वंशज राहत होते. त्यांत आफ्रिकेतले होते, जावा बेटावरचे होते आणि आपल्या हिंदुस्थानातूनही नेलेले होते. सगळे एकाच हवेत, एकाच डासांमध्ये राहत होते, तरी हत्तीपायाचा आजार काहींना जास्त होई आणि काहींना कमी. असे का, हा प्रश्न त्यांच्या मनात बसला. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी त्या एका प्रश्नाचा पाठलाग केला असे म्हणता येईल.

मग दोन वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम केले. तिथे गरीब रुग्णांची एवढी गर्दी असे की खाटा बोळात लावाव्या लागत, पण कोणाला परत पाठवत नसत. त्यानंतर ते इंग्लंडला ऑक्सफर्डला गेले आणि १९५७ मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परत येऊन त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम सुरू केले. नायजेरियापासून आर्क्टिकपर्यंत जगभरातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने ते आणि त्यांचे सहकारी गोळा करत होते. माणसामाणसाच्या रक्तात वारशाने येणारे काय फरक असतात ते त्यांना पाहायचे होते. काविळीचा विषाणू ते शोधतच नव्हते.

त्यांची युक्ती साधी होती. ज्या रुग्णांना पुन्हा पुन्हा दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीराने परक्या रक्तातल्या अनोळखी गोष्टींविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असणार. म्हणजे असा रुग्ण हा जणू चांगला पहारेकरी. अनोळखी कोण ते तो ओळखेल. अगारच्या पातळ थरात छोटे खळगे करून एकात त्या रुग्णाचे सीरम आणि भोवतीच्या खळग्यांत निरनिराळ्या लोकांचे सीरम ठेवायचे. दोघांची गाठ पडली आणि ओळख पटली, की मध्ये एक बारीक पांढरी रेघ उमटते.

१९६३ साली हार्वे ऑल्टर या सहकाऱ्याबरोबर काम करताना अशी एक रेघ उमटली. पहारेकरी होता न्यूयॉर्कचा एक रुग्ण. त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, म्हणून त्याला अनेकदा रक्त द्यावे लागले होते. आणि त्याने ओळखलेले सीरम होते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या, ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचे. सापडलेल्या पदार्थाला त्यांनी ऑस्ट्रेलिया अँटिजेन असे नाव दिले. तो काय आहे हे कोणालाच कळेना. १९६४ मध्ये ब्लूमबर्ग फिलाडेल्फियाच्या कर्करोग संशोधन संस्थेत गेले. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हा पदार्थ जास्त आढळला, म्हणून तो त्या रोगाचा काही संकेत असावा असे त्यांना वाटले. हा अंदाज चुकीचा होता.

पण त्यांनी चुकीचा अंदाजही नीट तपासला. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना रक्ताच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांचे रक्त तपासले. मोठ्या संस्थांत एकत्र राहणाऱ्या अशा व्यक्तींत हा पदार्थ खरोखर खूप सापडला. १९६६ मध्ये त्यांतल्या एकाचे रक्त, जे आधी स्वच्छ होते, पुढच्या तपासणीत बदललेले दिसले. वारशाने मिळालेली गोष्ट अशी मध्येच येत नाही. त्याला दाखल करून तपासले तर यकृताला सूज आलेली होती. पुढच्या वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेतील एका तरुण सहकारी महिलेला बरे वाटेनासे झाले. तिने आपलेच रक्त तपासले. तिथेही पांढरी रेघ उमटली आणि काही दिवसांत तिला कावीळ झाली. सुदैवाने ती बरी झाली. ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणजे रक्ताच्या काविळीच्या विषाणूचे बाहेरचे कवच होते. आज आपण त्याला हिपॅटायटिस बी विषाणू म्हणतो.

सुरुवातीला अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. विषाणूतज्ज्ञ वर्षानुवर्षे शोधत असलेली गोष्ट त्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला कशी सापडेल, असे वाटणे साहजिक होते. पण जपानमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तेच पाहिले आणि शंका मिटली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दात्याचे रक्त तपासणे सक्तीचे झाले आणि रक्त दिल्यामुळे होणारी ही कावीळ झपाट्याने कमी झाली. आपल्याकडेही आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची ही तपासणी होते. आवडीच्या शिबिरात तात्यांना कळले ते त्या पांढऱ्या रेघेच्या वारसामुळेच.

दुसरी कामगिरी लसीची. हा विषाणू तेव्हा प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. मग लस बनवायची कशी? वाहकाच्या रक्तात विषाणूची रिकामी कवचे प्रचंड संख्येने फिरत असतात हे ब्लूमबर्ग आणि त्यांचे सहकारी आयर्विंग मिलमन यांच्या लक्षात आले. फायरिंग शिकवताना आम्हाला आधी ड्रिल कार्ट्रिज देतात. दिसायला गोळी, पण आत दारू नाही. तसेच हे. आत विषाणूचा गाभा नसल्याने कवच आजार करत नाही, पण शरीराला शत्रूचा गणवेश ओळखायला शिकवते. ही कवचे रक्तातून वेगळी करून, शुद्ध करून लस बनवण्याची पद्धत त्यांनी १९६९ मध्ये मांडली. न्यूयॉर्कमध्ये हजाराहून अधिक लोकांवर काटेकोर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९८० मध्ये आले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. १९८६ पासून यीस्टमध्ये हे कवच तयार करणारी लस आली. मग माणसाच्या रक्ताची गरजच उरली नाही.

ही लस नुसत्या काविळीवरची नाही. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षे शरीरात राहिला तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला. कर्करोग टाळणारी पहिली लस असे तिला म्हणतात ते म्हणूनच. भारतात ही लस बराच काळ महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने ती देशातच बनवली आणि किंमत खूप उतरली. २०११ च्या सुमारास ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. मी आईला फोनवर विचारले. माझ्या कार्डावर जन्माच्या दिवशीचा आणि नंतरचे, सगळे डोस नोंदलेले आहेत. म्हणजे मी तात्यांना घाबरलो तेव्हा माझ्या दंडात चौदा-पंधरा वर्षांपासून ब्लूमबर्ग यांची ढाल होती.

१९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना कार्ल्टन गायडुसेक यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबर पहिली रेघ पाहणारे हार्वे ऑल्टर यांना पुढे हिपॅटायटिस सीच्या कामासाठी २०२० मध्ये नोबेल मिळाले.

नोबेलच्या व्याख्यानात ब्लूमबर्ग यांनी एक वेगळाच विषय काढला. चाचणी सापडली तशी एक नवी अडचण आली होती. कोण वाहक आहे ते आता कळू लागले. मग अशा माणसाला कामावर ठेवायचे का, त्याच्याजवळ बसायचे का, असे प्रश्न लोक विचारू लागले. जगात वाहकांची संख्या कोट्यवधी होती. आपल्याच शोधामुळे इतकी माणसे वाळीत पडू नयेत, याची काळजी त्या शोध लावणाऱ्याला होती. हे मला त्यांच्या सगळ्या कामात मोठे वाटते. भारतात आज सुमारे तीन कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा अंदाज आहे. त्यातला एक माणूस तळमजल्यावर राहत होता आणि त्याला वाळीत टाकणाऱ्यांत मी होतो.

ब्लूमबर्ग यांचे आपल्या देशाशी नाते होते आणि ते चेन्नईशी जास्त होते. माझी आजी काविळीला भुईआवळीचा रस सांगते. आवडीत त्याच झाडाला कीळानेल्ली म्हणतात आणि बाजारात त्याच्या जुड्या मिळतात. मद्रास विद्यापीठाचे डॉ. एस. पी. त्यागराजन या झाडावर संशोधन करत होते. नोबेल मिळालेल्या ब्लूमबर्ग यांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. दोघांच्या गटांनी मिळून काम केले आणि १९८८ मध्ये निष्कर्ष छापले. भुईआवळीची पूड घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून तो अँटिजेन नाहीसा झाला होता, तर खोटे औषध दिलेल्या २३ जणांत फक्त एकाच्या. सगळीकडे आशा निर्माण झाली. पण नंतर इतर ठिकाणी केलेल्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. म्हणून आज डॉक्टर या झाडावर विसंबू देत नाहीत. आजीला हे सांगितले तेव्हा ती थोडी नाराज झाली. मी तिला सांगितले, की मोठ्या डॉक्टरांनी तुझे औषध मनापासून तपासून पाहिले, हाही त्याचा मानच आहे.

१९८९ ते १९९४ या काळात ब्लूमबर्ग ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजचे प्रमुख होते. त्या पदावरचे ते पहिले अमेरिकन. पुढे १९९९ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते नासाच्या खगोलजीवशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. पृथ्वीबाहेर जीव असू शकेल का, हा त्यांचा नवा प्रश्न होता. ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात एका परिषदेत बोलून झाल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. कामावर असतानाच गेले. त्याच वर्षापासून त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्या देशाचा विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ मध्ये याच तारखेला सुरू झाला.

पालकांना एक विनंती आहे. आपल्या मुलांचे लसीकरणाचे कार्ड काढून हिपॅटायटिस बीचे सगळे डोस झाले आहेत का ते पाहा. कॅडेट मित्रांनो, हाउसमध्ये एकमेकांचे रेझर वापरू नका, आणि अठरा वर्षांचे झालात की रक्त द्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी आवडीला गेलो आणि संध्याकाळी तात्यांच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचे ते वाटेत ठरवले होते, ते काही आठवले नाही. मी फक्त मोर मागितले. ते आत गेले आणि दोन पेले घेऊन आले. एका पेल्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका होता. तो त्यांनी मेपासून स्वतःसाठी वेगळा ठेवला होता. दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करतात, नातवंडांना लस दिलेली आहे, आजींनीही तपासून घेऊन लस घेतली, असे सगळे त्यांनी मी न विचारता सांगितले, जणू मला हिशेब द्यायचा होता. ऐकताना माझी मान खाली होती. मग मी लाल ठिपक्याचा पेला उचलला आणि ताक प्यायलो. हिंग नेहमीपेक्षा जास्त होता.

(कॅडेट, इयत्ता दहावी)